ठिपक्यावर चिकटवलेली पट्टी

माझ्या आत्यावर अन्याय झाला. गेल्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या पुढच्या खोलीत, पन्नासेक माणसांच्या देखत झाला.

पत्रक लिहायला मी अशीच शिकले. कोणावर अन्याय झाला ते पहिल्या ओळीत. कधी आणि कुठं ते दुसऱ्या. कोणी केला ते तिसऱ्या. वाचणारा चौकात चहा फुंकत उभा असतो, चौथ्या ओळीपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही. तर ही घ्या तिसरी ओळ: अन्याय मी केला. कुठल्या खात्यानं नाही, कुठल्या साहेबानं नाही. मी, खळीच्या डब्यासकट.

आमचा गट लहान आहे. सहा-सात जण, वाचनालयाची एक चावी, एक शिडी. नाली तुंबली, शिष्यवृत्ती अडली, नळाला तीन दिवस पाणी नाही, की आम्ही पत्रक काढतो आणि रातोरात नाही, भर दुपारी भिंतींवर लावतो. खळ शिजवतात ते आमच्या गटाचे काका. आयुष्यभर छापखान्यात काम करून निवृत्त झालेले, वाचनालयाच्या मागच्या पडवीत स्टोव्ह मांडून बसतात. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद घातलं की झुरळं, उंदीर आणि गाय, तिघंही पोस्टर सोडून देतात, असा काकांचा सिद्धांत आहे. बाजारातला तयार गोंद त्यांना चालत नाही. "गोंद चिपकला की चिपकला," ते म्हणतात. "खळीले अक्कल असते. तिले पाणी दाखवलं की ती सोडते." मी दहा वेळा ऐकलं होतं. एकदाही मनावर घेतलं नव्हतं.

त्या रविवारी आमचं प्रदर्शन होतं. 'अडवलेल्या वाटा'. वस्तीतल्या वयस्क बायका, प्रत्येकीचा एक फोटो, खाली दोन ओळी: काय करायचं होतं, कोणी अडवलं. तीन मोठे पुठ्ठ्याचे बोर्ड. कल्पना माझी. दोन बोर्ड भरले, तिसऱ्यावर बरोबर मधोमध जागा राहिली. आणि रिकामी जागा मला बघवत नाही, मग ती भिंतीवर असो की कागदावर.

त्या जागेसाठी मी आत्याचा अल्बम उघडला.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, आता मनीषनगरात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दिवाळीत तिच्याकडे गेले होते तेव्हा अल्बम मागितला. तिनं कपाटातून काढला, पदरानं पुसला आणि दिला. "ने, पाहाले ने," म्हणाली.

आमच्या घरात हा अल्बम म्हणजे विनोद होता. मागची सगळी पानं रंगीत, आणि सगळ्या रंगीत फोटोंत विमानाचे पंख. नोकरीत प्रवासाची सवलत मिळायची तेव्हा आत्या एकटी हिंडली. अंदमानला गेली, काश्मीरला गेली, गुवाहाटीला गेली. आणि फोटो कशाचे? खिडकीतून दिसणाऱ्या पंखाचे. समुद्र नाही, बर्फ नाही, स्वतः तर नाहीच. पंख सरळ, पंख तिरका, पंखाची मागची पट्टी खाली झुकलेली. बाबा म्हणायचे, "माही बहीण अंदमानले गेली होती, ॲल्युमिनियम पाहून आली." आम्ही हसायचो. आत्याही हसायची.

पुढच्या पानांवर मात्र जुने फोटो, काळे-पांढरे, पांढऱ्या किनारीचे, कोपऱ्यांत अडकवलेले. एकात रेल्वेचा प्लॅटफॉर्म, होल्डॉलवर बसलेल्या पाच मुली, टोकाची आत्या. एकात गवतावर उभं लांब पंखांचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, आणि त्याच्या नाकाशी बसलेली आत्या: दोन वेण्या, खांद्यांवर पट्टे, ओठ घट्ट मिटलेले. आणि एक फोटो जवळजवळ कोराच. नुसतं आभाळ. वर डाव्या बाजूला एक ठिपका. मला वाटलं, बिघडलेला फोटो. त्या काळी लोक बिघडलेलेही जपून ठेवायचे.

ग्लायडरची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. कॉलेजात असताना आत्या छात्रसेनेच्या हवाई तुकडीत होती. तिथं मुलींना विमानाशेजारची, जमिनीवरची कामं शिकवायचे. एक दिवस कोणीतरी तिला आत बसवलं, फोटो काढला, उतरवलं. "फोटोपुरती बसली होती," बाबा सांगायचे. आत्या जिलेबी वाढत असायची नाहीतर भाजी निवडत असायची. तिनं कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

तुम्हीच सांगा, माझ्यासारखीला याहून काय पाहिजे? गिरणी कामगाराची मुलगी. छप्पनच्या दीक्षेच्या वेळी ज्या घरानं नवा जन्म घेतला त्या घरातली, कॉलेजात पोचलेली पहिली पोरगी. तिला विमानात बसवतात, फोटो काढतात, आणि उडू देत नाहीत! माझं डोकं शनिवारी संध्याकाळी जे तापलं ते रविवारी सकाळपर्यंत तापलेलंच होतं. झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद. फोनवर फोटो काढून दुसऱ्या चौकात छापून आणता आला असता, तेवढा दम नव्हता. आणि खरं सांगते, मनात हेही होतं की जुन्या फोटोच्या कागदाला जे वजन असतं ते झेरॉक्सला नाही.

मी ग्लायडरचा आणि आभाळाचा, असे दोन फोटो कोपऱ्यांतून काढले. मागच्या बाजूला ब्रशनं सढळ खळ फासली. मागे बघितलं नाही. फोटोला मागची बाजू असते हेच त्या वेळी डोक्यात नव्हतं, खळ लावायची जागा असते एवढंच होतं. वेण्यांवाला फोटो खाली लावला. आभाळाचा त्याच्या वर, पार्श्वभूमी म्हणून. आणि आभाळावर, डावीकडे, जिथं तो घाणेरडा ठिपका होता तिथं, ठिपका झाकेल अशी माझ्या अक्षरातली कागदी पट्टी चिकटवली:

हिला बसवलं. उडू दिलं नाही.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अस्सल फोटो लावून राहिली का वं? आज मोरचूद संपलं, सांगून ठेवतो. झुरळं खातील."

"दोन दिवसांचं तर प्रदर्शन आहे काका."

"झुरळाले कॅलेंडर कळते का?"

सव्वाअकराला आत्या आली. इस्त्रीची साडी, हातात छत्री, ऊन असो नसो तिच्या हातात छत्री असते. पहिला बोर्ड वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्यासमोर उभी राहिली. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे वळल्या. एकीनं तिचा दंड धरला आणि म्हणाली, "बिचारी." दुसरी म्हणाली, "आपल्या पोरीईले असंच करते बाई." मी दारातून पाहत होते. माझी छाती फुगली होती. आत्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती दोन मिनिटं उभी राहिली, छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि निघून गेली. मला वाटलं, भरून आलं असेल. असं मला खरंच वाटलं. हे लिहिताना कानशिलं गरम होतात, पण लिहिते.

दुपारी दोन वाजता काटोलचे सर आले. तिथल्या शाळेत शिकवतात, आमचेच कार्यकर्ते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे समाजमंदिरात कार्यक्रम होता, त्यांना एक बोर्ड हवा होता. मी तिसरा दिला. सगळ्यांत परिणामकारक तोच होता ना. सरांनी तो बसच्या टपावर बांधला आणि गेले.

चार वाजता मी अल्बम परत द्यायला मनीषनगरात गेले, दोन फोटो कमी असलेला. आत्यानं दार उघडलं. पाणी दिलं नाही. आमच्या घरात पाणी न देणं म्हणजे काय, ते आमच्या घरच्यांनाच कळेल.

"फोटो कुठं आहे माहे?"

"बोर्डावर. काटोलला गेला तो. आत्या, लोकांना इतका आवडला—"

"पाहाले ने म्हटलं होतं तुले. चिकटवाले म्हटलं होतं का?"

"परत आणते ना."

"ते कोणं लिहिलं? उडू दिलं नाही म्हणून?"

"मी."

"तुले कोणं सांगितलं?"

"बाबांनी. सगळेच सांगतात. तूसुद्धा कधी नाही म्हटलं नाहीस."

आत्या खुर्चीत बसली. तिनं अल्बम मांडीवर घेतला आणि ते दोन रिकामे चौकोन उघडले. चार-चार कोपरे तेवढे शिल्लक होते.

"मी उडली, पोरी," ती म्हणाली. "एकटी उडली. माह्या बापानं कागदावर सही देली होती ती जमिनीवरच्या कामाची. वर गेली असं कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी नाव काढलं असतं. पोरगी पडली तर तिच्या मायले काय सांगू म्हणे. म्हणून मी खोटं सांगितलं. फोटोपुरती बसली म्हणलं. एका माणसाले सांगितलं, एकदा. तू काहून वं ते खरं करून टाकलंस, साऱ्या वस्तीसमोर?"

मला एवढंच विचारता आलं. मी, जिला माईक दिला तर काढून घ्यावा लागतो.

"आजोबांना नंतर सांगितलं नाहीस?"

"सांगणार होती. तो रिटायर झाला की सांगीन म्हणलं, तेव्हा घरी बसून निवांत ऐकीन. तो रिटायर व्हायच्या आधीच गेला. त्याले नाही सांगितलं ते बाकीच्याईले काय सांगायचं." मग तिनं मान वर केली. "त्या आभाळाच्या फोटोमागं पाहिलं होतं का तू?"

"नाही."

"आमच्या शिकवणाऱ्या साहेबानं स्वतः काढला तो खालून. मागं पेन्सिलनं लिहून देलं होतं. तेवढंच होतं माह्याजवळ. साहेब तर कधीचा गेला. आता ते पुसलं असलं, तर झालं. मंग मी फोटोपुरतीच बसली होती."

म्हणजे बघा. एका बाईनं चाळीस वर्षं जपलेला एकुलता एक पुरावा मी खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवला होता, त्यातल्या तिच्यावर पट्टी मारली होती, पट्टीवर तिच्या विरुद्ध साक्ष लिहिली होती, आणि तो काटोलला पाठवला होता, झुरळांकडे.

जिन्यातूनच काकांना फोन लावला. काकांनी ऐकून घेतलं, नंतर अर्धा मिनिट शिव्या दिल्या. मग विचारलं, "लिहिलेलं पेनचं का पेन्सिलचं?"

"पेन्सिलचं."

"वाचली तू. मोरचूद नव्हतं ते बी बरंच झालं, डाग पडले असते. पण बिना मोरचुदाची खळ म्हणजे झुरळाईचं जेवण होय, उद्या सकाळीच जाय. आणि तिथं ओढाओढ करशील नको. फोटोच्या भोवतालचा पुठ्ठा ब्लेडनं कापजो, तसाच आणजो. मंग कोमट पाणी."

सरांना रात्रीपर्यंत फोन लागला नाही. सोमवारी सकाळी सातला मी बसस्टँडवर पोचले तेव्हा आत्या आधीच येऊन बसली होती, छत्री घेऊन.

"तू कशाला आलीस?"

"माहा फोटो आहे."

खिडकीची जागा तिनं न विचारता घेतली. शहर सुटलं तरी ती बोलली नाही. माफी मागायची मला सवय नाही, मागायला लावायची आहे. शेवटी म्हटलं, "चुकलं माझं आत्या." ती "हं" म्हणाली. तो "हं" कळमेश्वर येईपर्यंत आमच्या मधल्या जागेत बसून होता.

कळमेश्वरला कारखान्यांची धुराडी दिसू लागली. आत्या खिडकीला टेकून पाहत होती. एकदम म्हणाली, "ते पाय. धूर कुठं चालला?"

"तिकडं. मागं नाही, पुढं. काटोलकडं."

"म्हणजे वारा पूर्वेचा. आज उतराचं असतं तर पूर्वेकडं तोंड करून उतरावं लागलं असतं. वाऱ्याले छाती द्यावी लागते, पाठ देली तर तो ढकलते."

आणि मग ती बोलतच राहिली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला इंजिन लावलेलं मोठं लोखंडी रीळ असायचं. त्याची तार ग्लायडरच्या पोटाला अडकवायची. रीळ फिरलं की तार ओढली जाते आणि ग्लायडर वर जातं, पतंगासारखं. उंचीवर पोचलं की तार सोडायची, आपल्या हातानं. त्याआधी कितीतरी वेळा ती साहेबांसोबत वर गेली होती. त्या दिवशी साहेब आत बसलेच नाहीत. बाहेरून पट्टे आवळले, आत्याचं वजन कमी भरलं म्हणून सीटखाली वाळूची पिशवी बांधली, आणि म्हणाले, जाओ.

"तार सुटली की काहीच आवाज नाही येत. फक्त हवा. मागची सीट रिकामी. मी दोनदा मागं वळून पाहिलं वं, साहेब खरंच नाही का म्हणून."

"भीती वाटली?"

"मंग काय. पण भ्यायले वेळ कुठं होता? चार-पाच मिनिटांचं तर काम. वारा पाहाचा होता. मैदानावरचं वारा दाखवणारं कापडी मोजं दिसे ना मले, उन्हानं. तर मी काय पाहिलं सांगू? बाबाची गिरणी. तिची चिमणी दिसे दूरवर. तिचा धूर पाहिला, वारा समजला, तशी वळली."

आजोबा त्या वेळी पाळीवर होते. त्या चिमणीखाली. आपली मुलगी जमिनीवरची कामं शिकते आहे असं समजून.

मी तिच्याकडे बघत राहिले. ती हसत होती. माझ्या बोर्डावरची 'बिचारी' ती हीच. मला तो शब्द त्या बाईच्या तोंडून परत घ्यावासा वाटला, पण तो तिच्या तोंडात मीच घातला होता. ज्या बाईनं वाऱ्याला छाती दिली तिची आम्ही काल कीव करून घरी गेलो, आणि चहाही प्यायलो. आम्हा लोकांची ही एक खोड आहे, मोकळं बोलते: अडवलेली बाई दिसली की आम्हाला लिहायला सुचतं. निसटून गेलेली बाई आम्हाला दिसतच नाही, ती आभाळात ठिपक्याएवढी असते.

काटोलला उतरलो तर संत्र्यांचा बाजार भरात होता. रस्ताभर क्रेट, टेम्पो, सालींचा वास. समाजमंदिराचं दार उघडं होतं. आत सर झाडू मारत होते. फोन का उचलला नाही विचारलं तर म्हणाले, "पाण्यात पडला मॅडम." बोर्ड?

"बोर्ड इथंच आहे. जागा नव्हती म्हणून जरा मागं ठेवला."

मागं म्हणजे एका व्यापाऱ्यानं ठेवायला आणलेल्या क्रेटांमागं. कार्यक्रम अजून व्हायचा होता, आणि बोर्ड भिंतीला तोंड करून उभा. मी क्रेट ओढले. बोर्ड वळवला. खालच्या टोकाशी दोन झुरळं होती, ती पळाली. एका बाईच्या फोटोखालचा कागद कुरतडून जाळीदार झाला होता. मी मधोमध पाहिलं. वेण्यांवाली आत्या शाबूत. आभाळाच्या उजव्या कोपऱ्यातली पांढरी किनार नखाएवढी खाल्लेली. आतल्या आभाळाला तोंड लागलं नव्हतं.

आत्यानं छत्री टेकवली आणि श्वास सोडला. मला तो ऐकू आला.

सर घाबरले होते. "मॅडम, आज संध्याकाळी कार्यक्रम आहे, मधला भाग कापला तर—"

"तिथं काय लिहायचं ते मी सांगते," मी म्हटलं, ब्लेडनं दोन्ही फोटोंभोवतीचा पुठ्ठा कापून घेतला आणि भोकाच्या मापाचा कागद काढून तिथंच लिहिलं: या जागेवर चुकीचा मजकूर लावला होता. तो काढला आहे. चूक आमची. खाली माझं नाव. पत्रकं काढायला लागल्यापासून मी शेकडो लोकांकडे खुलासा मागितला आहे. स्वतः दिला तो पहिला.

दुपारी मनीषनगरात आत्याच्या ओट्यावर परात. कोमट पाणी, कोपर बुडवून पाहिलेलं. काका फोनच्या स्पीकरवर.

"पुठ्ठ्यासकट बुडव. हात लावू नको."

"किती वेळ?"

"ते सोडीन तवा सोडीन. चहा घे."

चहा कोणी घेतला नाही. आम्ही दोघी परातीवर वाकून उभ्या. पाणी हळूहळू दुधाळ झालं. पहिल्यांदा हलली ती माझी पट्टी. एक टोक उचललं, मग दुसरं, मग ती आपोआप तरंगत बाजूला गेली आणि परातीच्या काठाला लागली, शाई पसरलेली. आणि तिच्याखाली तो ठिपका. घाण नव्हतीच ती. पाण्याखाली नीट पाहिलं तर लांब, बारीक, दोन्हीकडे पसरलेली रेघ होती. पंख. आत्यानं बोट पाण्याजवळ नेलं, टेकवलं नाही. "मी होय हे," म्हणाली.

मग फोटो सुटायला लागला. पुठ्ठा फुगून खाली बसला आणि फोटो सालीसारखा अलगद वर आला. आत्यानं दोन्ही हातांनी तो उचलला, स्वच्छ पाण्याच्या भांड्यात धरला, मागची उरलेली खळ अंगठ्यानं हळूच सारली, आणि उलटा केला.

पेन्सिल होती. फिकी, पण अक्षर न अक्षर.

अकेली. हवा ठीक समझी. उतरना सुधारो.

मी मोठ्यानं वाचलं. फोनमधून काका ओरडले, "दिसते का? दिसते का गा कोणी सांगा मले!" आत्या ओट्याला टेकून खाली फरशीवरच बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली, ओल्या हातांनी. मग म्हणाली, "पाणी पी आता." माठातलं पाणी तिनं मला स्वतः उठून दिलं. एका दिवसानं. मी पेलाभर एका दमात प्यायले.

बाबांना बोलावलं. ते स्कूटरवरून आले, चादरीवर वाळत घातलेला फोटो त्यांनी चष्मा लावून पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मी तयारीत होते. चाळीस वर्षं 'फोटोपुरती' म्हणणाऱ्या माणसाला काय काय ऐकवायचं ते मनात मुद्द्यांनिशी मांडून ठेवलं होतं.

बाबा आत्याकडे वळले. "उतरना सुधारो म्हणजे काय? पडली होती का तू?"

"उतरताना दोनदा उसळलं. बाहेर निघाली तर पाय नव्हते पायात. गुडघ्यावरच बसली गवतात."

"माह्या पँटमध्ये!"

"मंग काय करती? साडीत उडू? तुही एकच फुलपँट होती घरात."

"त्या पँटीले गुडघ्यावर हिरवे डाग पडले होते! बाबानं मले मारलं होतं, शाळा सोडून मैदानात लोळते म्हणून! मी शपथा खाल्ल्या, मी नाही लोळलो म्हणून! चाळीस वर्षं झाली, मी इचार करून राहिलो ते डाग कुठून आले!"

आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. "सांगणार होती तुले."

"कधी?"

"हेच तं. आज."

बाबा खुर्चीत बसले. मग एकदम अल्बम ओढला, मागची रंगीत पानं उघडली आणि पंखांचे फोटो एकेक करून पाहायला लागले, आयुष्यात पहिल्यांदा न हसता. एकावर बोट ठेवून विचारलं, "ही मागची पट्टी खाली काहून झुकली आहे?"

"उतराच्या वेळची होय ते. गती कमी करते."

"आणि हे?"

ती सांगत राहिली. बाबा विचारत राहिले. मी परात धुवायला घेतली. तळाशी खळीचा लगदा होता, आणि माझी पट्टी. ती मी चोळून बारीक केली आणि नालीत सोडली. अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटत होतं, आणि लाजही गेली नव्हती, दोन्ही एकदम.

पुढच्या रविवारी वाचनालयात तो फोटो पुन्हा लागला. झेरॉक्स, मूळ नाही. दोन झेरॉक्स, शेजारी शेजारी: एक पुढची बाजू, एक मागची. खाली माझी एकही ओळ नाही. 'बिचारी' म्हणालेली बाई आली, वाचून गेली, आणि परत येऊन आत्याला विचारलं, "वरून आपली वस्ती दिसे का वं?"

"वस्तीवरून नाही गेली मी," आत्या म्हणाली. "पण दिसली असती."

आता तुम्ही. हो, तुम्हालाच सांगते आहे, चहा फुंकत उभे असाल तर पेला खाली ठेवा. तुमच्या घरात कपाटावर, ट्रंकेत, गादीखाली जुने फोटो आहेत. आज काढा. नातलगांचे चेहरे ओळखत बसू नका, तो खेळ रोजचा आहे. प्रत्येक फोटो उलटा करा. मागे लिहिलेलं असेल तर मोठ्यानं वाचा, घरातल्या सगळ्यांसमोर. मागे कोरं असेल तर फोटोतल्या माणसाला विचारा, तो विचारण्याजोगा आहे तोवर, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. तुमच्या नाही, त्याच्या. पेन्सिलीनं लिहा. आणि तोपर्यंत खळीच्या डब्याला हात लावू नका.